आमच्या खानदानात असे केस नाहीत

"रविवारी लॅबचा माणूस येऊन राहिला," बाबाराव म्हणाले. "रजतचं अन् पोरीचं डीएनएचं सॅम्पल घेईल. मी सांगून टाकलं त्याले."

पायल चकलीचे कान पुसत होती. डेव्हन रेक्स जातीच्या मांजरांच्या कानांत मळ लवकर साठतो, कोमट पाण्यातल्या कापसाने तो सारखा काढावा लागतो. वाटीतलं पाणी सासऱ्याच्या तोंडावर फेकावं असं तिला मनापासून वाटलं. तिने कापूस पिळला आणि मांजराचा दुसरा कान धरला.

"नाही म्हणून पाह्य," बाबाराव पुढे म्हणाले. "मंग कळतेच लोकाइले काय ते."

सगळं भांडण केसांचं होतं. लेक मयुरा चार वर्षांची झाली तशी तिच्या डोक्यावर कंगवा अडकेल इतके दाट, घट्ट कुरळे केस आले. पायलचे केस सरळ. खापरखेड्याच्या कॉलनीत तिच्या माहेरी एकूण एक माणसाचे सरळ. नवरा रजत तर केस चिमटीत धरता येणार नाहीत इतके बारीक ठेवायचा. लहानपणी दर रविवारी बाबाराव त्याला न्हाव्यासमोर बसवत, तीच सवय अजून सुटली नव्हती. स्वतः बाबाराव रोज सकाळी बेसिनपुढे उभे राहून डोक्यावर वस्तरा फिरवत आणि वर हात फिरवून खात्री करून घेत.

"आमच्या खानदानात असे केस नाहीत," हे ते पाहुण्यांना सांगत, शेजाऱ्यांना सांगत, दुधवाल्यालाही सांगत. पुढचं बोलायची गरजच पडत नसे. पोराने कोर्टात जाऊन बौद्धाची मुलगी करून आणली, हे त्यांना कधी पचलंच नव्हतं. उमरेडच्या स्वतःच्या भावांशी त्यांनी तरुणपणीच बोलणं तोडलं होतं, आणि बायको शोभाताई गेल्यापासून घरात त्यांना गप्प करणारं कोणी उरलं नव्हतं.

चकलीला पायलनेच आणलं होतं. शाळेत पोरं मयुराला चिडवत, म्हणून तिच्यासारख्याच केसांचं पिल्लू. मयुराने नाव ठेवलं आणि त्या दिवसापासून कंगव्याला घाबरणं सोडलं. मांजर मोठं लाघवी होतं, खादाडही होतं, आणि अंगावरची लव पातळ असल्यामुळे सदा उबेच्या शोधात असायचं. कोणाच्याही खांद्यावर चढून बसायचं. बाबारावांच्या खांद्यावर तर हटकून, आणि ते दर वेळी त्याला झटकून टाकत.

मग पिल्लाचे केस गळले. या जातीची पिल्लं मध्ये काही दिवस जवळपास उघडी पडतात, नंतर पुन्हा कुरळे केस येतात. पायल हे सांगत राहिली, पण बाबारावांना ऐकायचं नव्हतं. ते कित्येक दिवसांनी खुशीत दिसले.

"गेली शेवटी जातीवर," ते म्हणाले.

हे मांजराबद्दल नव्हतं, हे पायलला कळलं. त्या रात्री ती जेवली नाही. पुढे चकलीला आधीपेक्षा दाट केस आले, तेव्हा मात्र बाबारावांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. चकलीच्या आईबापांचे केस सरळ होते, असे केस एखादी पिढी लपून राहतात, असं पायलने एकदा सांगून पाहिलं.

"मांजराचा कायदा माणसाले लावू नको," ते म्हणाले.

दिवाळीनंतर ते जिन्यावरून घसरले. चकली पायात आली म्हणे. डोक्याला टाके पडले, आणि शुगरमुळे जखम भरता भरेना. डॉक्टरांनी डोक्याला वस्तरा लावायला सक्त मनाई केली. ड्रेसिंगला ते एकटेच ऑटोने जात, रजतला सोबत येऊ देत नसत. पट्टी निघेपर्यंत थंडी पडली आणि पट्टीच्या जागी लोकरीची टोपी आली. या दुखण्यात त्यांचं पथ्याचं जेवण पायलच करत होती. त्याबद्दल तिला स्वतःचाच राग येई. आणि याच दुखण्यात त्यांनी लॅबचं काढलं.

रजतने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"होऊन जाऊ दे एक डाव," तो म्हणाला. "बाबाचं तोंड बंद होईल."

"तुले शंका आहे का?"

"मले नाही वं."

"मंग बाबाचं तोंड बंद कराले माझ्या पोरीचं तोंड उघडून कापूस फिरवतो काहून?"

पायलने त्याला शांतपणे सांगितलं की ती नाही म्हणणार नाही, सॅम्पल घ्या. निकाल काय येणार हे तिला ठाऊकच होतं. पण तो माणूस घराबाहेर पडला की तीही मयुराला आणि चकलीला घेऊन बाहेर पडेल, आणि निकाल बापलेकांनी वाचत बसावा.

रविवारी सकाळी तिची बॅग दारापाशी उभी होती. लॅबचा माणूस आला. टीपॉयवर पाकिटं मांडून तो हातमोजे घालू लागला. मयुराने घाबरून आईचा पदर धरला. रजत एकदा बॅगेकडे, एकदा बापाकडे बघत होता. बाबाराव सोफ्यावर टेकून बसले होते.

"आधी पोरीचं घ्या," ते म्हणाले.

हवेत गारठा होता. चकली खिडकीतून उतरली, सोफ्याच्या पाठीवरून चालत गेली आणि बाबारावांच्या खांद्यावर चढली. तिथून तिने लोकरीच्या टोपीवर पंजे रोवले आणि कणीक तिंबावी तशी ती टोपी तुडवू लागली.

बाबारावांनी दोन्ही हातांनी टोपी दाबून धरली. "पायल, काढ वं हिले," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा कधी कोणी ऐकला नव्हता.

पायल जागची हलली नाही.

त्यांनी मान झटकली. चकलीने उडी मारली, आणि नखांत अडकलेली टोपी तिच्याबरोबर खाली आली.

टोपीखाली मयुराचे केस होते, फक्त पांढरे.