पंखा बंद

"पंखा लावलास तर बघ! ओल्या व्हार्निशवर धूळ बसेल." नवऱ्याच्या या फर्मानापायी तिने भर उन्हाळ्यात आठ दिवस घामात काढले. मामंजींच्या वाढदिवसासाठी तो स्वतः लाकडी पेन घडवत होता. एक थर द्यायचा, वाळला की बारीक पॉलिश पेपरने घासायचा, वर पुन्हा थर. असे चांगले बारा. लेकीच्या पाठभर घामोळं उठलं, तरी तिने पंख्याच्या बटणाला हात लावला नाही. कारण वडिलांच्या तोंडून नवऱ्याने जन्मात कधी "शाबास" ऐकलं नव्हतं, आणि आता तर पेनात चेहरा दिसायला लागला होता.

वाढदिवसाला मामंजींनी पेन हातात घेतला, "हं" म्हणाले आणि खोलीत निघून गेले. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

अर्ध्या तासाने ते हसतच बाहेर आले. "शाबास रे पठ्ठ्या! काय झरझर चालतो! मेला हातातून सटकत तेवढा होता."

"होता?" नवऱ्याने चाचरत विचारलं.

"मग काय! तुझाच खरखरीत पॉलिश पेपर घेतला आणि सगळी चकाकी उतरवून टाकली. आता बघ पकड!"



तिने उठून पंखा पाचावर केला.