लेपावरचा बैल

जवाची पेरणी आटोपली, तशी डोल्कर आजीने इंजिनिअर ऋजुताच्या हातात लोणी घातलेला चहा ठेवला.

शिखराचा बर्फ वितळला की उतारावर काळ्या कातळाचा बैल उघडा पडायचा. तो दिसल्याशिवाय गावात कोणी पेरत नसे. पण बर्फ वाचावा म्हणून ऋजुताच्या तुकडीने अख्ख्या उतारावर पांढरा लेप फवारला. तेव्हापासून बर्फ वितळेना, बैल दिसेना, शेतं पडीक राहिली. शेवटी यंदा ऋजुताने ड्रोनने लेपावरच काळा बैल रंगवून दिला.

"पोरी, तुझा बैल आमच्यापेक्षा गुणी आहे हो," आजी म्हणाली. "आमचा नुसता बसून असायचा. तुझा बघ, पाणी प्यायला खाली यायला लागला."

ऋजुताने हसतच वर पाहिलं. तिने बैल दोन सुळक्यांच्या मधोमध काढला होता. आता सुळके त्याच्या शिंगांच्या कितीतरी वर राहिले होते. लेप कुठेही फाटला नव्हता. त्याच्याखालचा सगळा बर्फच जागा सोडून गावाकडे सरकत होता.

अंगणातली पोरं टाळ्या वाजवून बैलाला हाका मारत होती, "ये! लवकर ये!"