नियम क्रमांक अकरा

“हे दोघं नवरा-बायको आहेत, याला पुरावा काय?”

देवपूरच्या वृद्धाश्रमात तपासणीला आलेले सरकारी साहेब चार नंबरच्या खोलीच्या दारात उभे होते. आत मोतीलालआबा आणि पार्वताबाई आपापल्या खाटेवर बसले होते. व्यवस्थापक अभिमनला आधी हसूच आलं.

“साहेब, लग्नाला पन्नास वर्षं झाली त्यांच्या. पाच नातवंडं आहेत.”

“नातवंडं म्हणजे पुरावा नव्हे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी त्र्याण्णव सालची नवी नियमावली उघडली. नियम अकरा. पुराव्याशिवाय स्त्री-पुरुष एका खोलीत नकोत. नाही पाळला तर आश्रमाची मान्यता रद्द.

म्हाताऱ्यांकडे साधं रेशनकार्डही उरलं नव्हतं. त्याच दुपारी आबांची वळकटी पुरुषांच्या बाजूला गेली. पार्वताबाईंनी तोंडाला पदर लावला. अभिमनला त्या दिवशी घास गेला नाही.

मग त्याने कंबरच कसली. रजा टाकून एस.टी.ने पाचोरा गाठलं, तिथून आबांचं गाव. लग्न लावणारे भटजी वारले होते. वाजंत्रीवाल्याला ऐकूच येत नव्हतं. पण वरातीत आबांचा घोडा बुजून भलत्याच मांडवात शिरला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मांडवातला नवरदेव हिलाल अजून हयात होता आणि अजून चिडलेला होता. त्याने तिथीवारासकट सगळं लिहून दिलं. सरपंचांनी खाली शिक्का हाणला.

आठव्या दिवशी दुपारी अभिमन कागद नाचवतच आश्रमात शिरला. पार्वताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या.

“अक्का, झालं काम! आजच आबांची खाट परत तुमच्या खोलीत.”

पार्वताबाईंनी त्याच्या हातातून कागद हिसकला आणि झटकन मांडीखाली सरकवला. समोरून मोतीलालआबा येत होते. पांढरंशुभ्र धोतर, तेल लावून चापून बसवलेले केस, गुळगुळीत गाल, हातात एक पेरू.

“भाऊ, त्या सायेबले काही सांगू नको,” पार्वताबाई कुजबुजल्या. “पन्नास वरीसम्हा पहिलींदाव हाऊ माणूस मन्हासाठे दाढी करीसन येस.”