खेळातला पाइप

विज्ञानाच्या बाईंनी सातवीचा वर्ग तलावावर आणला आणि दोघांत एक असे टॅब वाटले. टॅब पाण्यासमोर धरला की पडद्यावर त्याच तलावात खोटे मेलेले मासे तरंगायचे, खोटा फेस यायचा. घाण कुठल्या पाइपातून येतेय ते हुडकून त्यावर बोट ठेवलं की गुण मिळायचे.

शाळेला टॅब भेट देणारे शेजारच्या कारखान्याचे साहेबही हौसेने आले होते. "शोधा, शोधा," ते मुलांना म्हणाले, "पाणी कुठं मुरतंय ते कळलंच पाहिजे."

सगळ्यांना पाइप सापडला, गुण मिळाले. एक मुलगी मात्र कुरकुरत आली. "बाई, आम्हाला त्या झुडपांमागे दुसराच पाइप सापडलाय. कितीदा बोट ठेवलं, पण गुणच मिळत नाहीत."

बाई आणि साहेब तिच्या मागोमाग गेले. तिने टॅब धरून दाखवला. पडद्यावर जाड पाइप होता, पिवळट फेस होता, काठाशी मासे उताणे पडले होते.

"खेळात काहीतरी गडबड आहे," साहेब घाईघाईने म्हणाले. "नवीन आहे, होतं असं. दुरुस्त करून घेऊ आपण."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. कारखान्याकडून उरलेले टॅब अजून यायचे होते. बाईंनी मुलीच्या हातातला टॅब घेतला आणि बंद केला.

"चला, खेळ संपला."

मुलगी जागची हलली नाही.

"बाई, टॅब बंद केला तरी पाइप दिसतोय."