उसनी त्वचा

रेवाच्या पेशींपासून वाढवलेली त्वचेची चकती केतकीच्या हातावर छान रुजली होती. आता अ‍ॅलर्जी तपासणीच्या सुया तान्ह्या लेकीऐवजी तिला टोचणार होत्या; खाजही तिलाच सुटणार होती.

गाईच्या दुधाच्या थेंबावर लालभडक गांधी उठली.

"खाजवू नका हं, ताई," सिस्टर म्हणाल्या.

"एवढं खाजतं? आणि आम्ही पोरीला किरकिरी म्हणत होतो!" केतकीचे डोळे भरले, पण हात हलला नाही. "आता नारळाचं दूध टोचा. उद्या उष्टावण आहे तिचं."

नारळाच्या थेंबाला काहीच झालं नाही. तिने भावाला फोन लावला.

"दादा, खीर नारळाच्या दुधाची करायची."

"अगं, आई ऐकेल का? मामाने गाईच्या दुधाची चमचाभर भरवली तर काय बिघडतंय?"

"तू इथे ये. अशीच एक चकती तुझ्या हातावर लावायला सांगते, मग बोल."