एकोणपन्नास

काकासाहेबांची जीप पाझर तलावाच्या भरावाशी येऊन थांबली, तेव्हाच सगुणाबाईने डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं.

"कापूस फुटून गळून राह्यला, बायांनो. चला जल्दी," काकासाहेब बसल्या जागेवरून म्हणाले. "सरकारपेक्षा दोन रुपये जास्त देतो." एरवी या गृहस्थांना मजूर बायकांची नावंसुद्धा आठवत नसत. आज प्रत्येकीला माय, बहीण म्हणत होते.

रोजगार हमीच्या कामावर पन्नास माणसं नसली, की काम बंद. आज त्रेपन्न होती.

"अन् हे काम बंद पडलं, मंग किती द्याल?" सगुणाबाईने विचारलं.

"मंगचं मंग पाहू."

त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. गेल्या साली तलावाचं काम नव्हतं, तेव्हा काकासाहेबांच्याच शेतात त्या निम्म्या मजुरीवर राबल्या होत्या. तरीही चौघी टोपली ठेवून जीपकडे निघाल्या. त्यांना नावं तरी कशी ठेवायची? दोन रुपयांत घरात तेल-मीठ येत होतं.

मुकादम पुंजारामने पुन्हा डोकी मोजली. "एकोणपन्नास. एक माणूस कमी पडून राह्यलं. आज साहेबाला काम बंदचं कळवावं लागंल."

सगुणाबाईला त्या चौघींचा राग आला, आणि रडूही.

जीपमध्ये मागे उषाबाई बसल्या होत्या, काकासाहेबांच्या थोरल्या भावाची विधवा. बायकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांना सोबत आणलं होतं. त्या खाली उतरल्या आणि पदर खोचत थेट मुकादमापाशी आल्या.

"पुंजाराम, माझं नाव लिव्हा."

काकासाहेबांनी हॉर्न वाजवला. "वहिनी, गाडीत बसा. घरात काय कमी हाये तुम्हाला? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं राहू द्या, भावजी."

पुंजारामचा हात थांबला. त्याने काकासाहेबांकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या एकोणपन्नास जणांकडे. आणि नाव लिहिलं.

सगुणाबाईने आपली चुंबळ उषाबाईंच्या डोक्यावर ठेवली. मोठ्या घरची बाई म्हणून टोपल्यात मुरूम अर्धाच भरला.

"पुरं भर," उषाबाई म्हणाल्या. "घरी ह्याच्याहून जड उचलते, अन् हजेरी कुनी लावत न्हाई."