हरिबाचा रेडिओ

"चाचा, ह्यो कोरा करकरीत करून द्या. दुकानातनं आणला तवा हुता तसा."

गिताबाईनं पदराखालचा रेडिओ इमामच्या पुढ्यात ठेवला. न्हावऱ्याहून पहिली एसटी धरून ती शिरूरला आली होती. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले.

इमामनं रेडिओ उलटसुलट करून पाहिला. एके काळी तो टांग्याच्या घोड्यांचे पट्टे शिवायचा. टांगे गेले आणि मोटारसायकलींच्या सीटा आल्या. तरी चामड्याचं नाजूक काम निघालं की लोक म्हाताऱ्याकडेच यायचे. असल्या रेडिओंची चामडी कव्हरं तर त्यानं किती शिवली असतील. ह्याचं कव्हर पार विटून राखेसारखं झालं होतं. कडा उसवलेल्या, पट्ट्यावर चिखल वाळून बसलेला.

"वाजतोय का?"

"न्हाई. मला गाणी न्हाई ऐकायची, चाचा. कावळ्याला दावायचाय."

मग तिनं सगळं सांगितलं. हरिबा तिचा नवरा. बापजाद्यांपासूनची मेंढरं भावकीनं विकली, तेव्हा खांद्याला रेडिओ अडकवून जो निघाला तो परत आलाच नाही. कुणी म्हणायचं दौंडच्या बाजारात दिसला. वर्ष तसंच गेलं. मागच्या महिन्यात दौंडजवळ रुळावर एक माणूस सापडला. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. खडीत पडलेला रेडिओ तेवढा शाबूत होता.

"बांधलेलं गाठोडं दिलं. म्हणले, सोडून बघू नका, बघवायचं न्हाई. मी रेडिओ बगितला आन् म्हणलं, ह्येच. थोरल्यानं अग्नी दिला."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा झाडावरून हलेना. पोरानं शब्द दिला, "आईला सांभाळीन." दिरानं शब्द दिला, "मेंढरं परत घेऊ." कावळा ढिम्म! ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी गेली. काय म्हणावं आता! जिता होता तेव्हा एकानं समजूत काढली नाही, आणि मेल्यावर पाखरापुढं सगळे हात जोडून उभे.

"रेडिओतच जीव अडकलाय त्यांचा," गिताबाई म्हणाली. "पोटच्या पोरावानी जपायचे. ह्या अवतारात बघून कसे येतील? उद्या म्हयना हुतोय. ह्यो शेजारी ठिवून परत पिंड ठिवती. त्यांना सुटका मिळाली तर मला झोप लागंल, चाचा. न्हाईतर मी अशीच मरायची." आणि तिला हुंदका फुटला.

इमामची बायको बिबीजान चहा घेऊन आली. तिच्या हिरव्या पातळाच्या पदराचा एक कोपरा कापलेला होता. पदर डोक्यावर सारखा करत ती गिताबाईजवळ टेकली.

"रडू नगंस, बाई. दौंडाला गेली हुतीस व्हय? आमचा शाकीर तिथंच ट्रकवर हाय. ईदला बी आला न्हाई बग. कुठं दिसला का?"

"न्हाई वो चाची. मला कुणाकडं बघायचं भान कुठं हुतं?"

"बापाशी भांडून गेलाय. राग उतरला की यील. माझा ताईत हाय त्याच्यापाशी, त्याला काय हुत न्हाई."

इमामनं मान वर केली नाही. 'पुन्हा तोंड दाखवू नको' असं तोच म्हणाला होता. आता एसटी वाजली की त्याचे कान रस्त्याकडं जायचे. पण बोलणार कुणाला?

ओल्या फडक्यानं त्यानं मळ उतरवला. विटलेल्या कव्हरचा मूळ रंग शोधायचा तर बटणाची पट्टी उचलून बघायची, तिथं ऊन लागत नाही. त्यानं उचलली. खाली तांबूस निघालं.

"ह्यांचा तर काळा हुता," गिताबाई म्हणाली.

दुःखात माणसाला रंग कुठले आठवायला, असं इमामच्या मनात आलं. बिचारीला कशाला घोळात पाडा?

"मग काळाच देऊ ना?"

"व्हय, काळाच."

त्यानं चामड्याला तेल पाजलं, मुरू दिलं, मग काळ्या रंगाचा हात फिरवला. वाळल्यावर आणखी एक. कडा शिवल्या, लोकरीच्या चिंधीनं घासलं. कव्हर खरंच नव्यासारखं झालं. गिताबाईनं त्याच्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा जरा निवळला.

"आता पट्टा तेवढा नवा टाकतो."

"नगं! पट्टा त्योच राहू द्या. त्यांचा घाम मुरलाय त्यात."

"बरं, मग नुसता दोरा बदलतो."

इमामनं पट्ट्यावरचा चिखल खरवडला. खांद्यावर बसतो तिथं पट्टा दुहेरी होता, घडी घालून शिवलेला. कुजलेल्या दोऱ्याला त्यानं सुरी लावली. घडी उघडली आणि आतून एक पुरचुंडी त्याच्या मांडीवर पडली. काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेलं हिरवं कापड, आत ताईत.

सुरी हातातच राहिली.

बिबीजान कपबशा उचलायला वाकली. कापलेला पदर त्याच्या गुडघ्याला लागला. त्यानं चटकन मूठ मिटली.

"काय झालं वो?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. तू आत जा."

ती आत गेली. इमामनं काळा कुळकुळीत रेडिओ पोटाशी ओढून घेतला.

"चाचा," गिताबाईनं विचारलं, "आता तरी कावळा शिवंल ना?"

"न्हाई, पोरी," इमाम म्हणाला. "घरी जा आन् कुंकू लाव."